तीन विसा आणि एक

बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनवर एका हमालासारख्या दिसणाऱ्या माणसानं मला सांगितलं होतं, "ॲबरिस्टविथ? पुढच्या दोन डब्यांत बस." मी पुढच्या दोन डब्यांत बसलो. श्रूजबरीला गाडी थांबली आणि पुन्हा निघाली तेव्हा मी झोपेत होतो. त्या स्टेशनात गाडीचं तोंड फिरतं, पुढचे डबे मागं जातात आणि मागचे पुढं येतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मखन्लेथ नावाच्या गावाला गाडीचे दोन तुकडे होतात. एक तुकडा दक्षिणेला ॲबरिस्टविथला जातो, दुसरा समुद्राच्या कडेकडेनं उत्तरेला पुल्हेलीला. मी दुसऱ्या तुकड्यात होतो.

गार्ड तिकीट बघायला आला आणि त्यानं मान हलवली. "पुढच्या स्टेशनवर उतर. दोन तासांनी ॲबरिस्टविथची गाडी येईल, ती पकड." पुढचं स्टेशन म्हणजे डव्ही जंक्शन. मी उतरलो, गाडी गेली आणि मग मला कळलं की ह्या स्टेशनला रस्ताच नाही.

जंक्शन म्हटल्यावर मिरज, मनमाड, दौंड एवढंच मला माहीत. चहावाले, कुली, झोपलेली माणसं, भोंगे. इथं दोन रुळांच्या बेचक्यात एक फलाट होता, पावसापुरता आडोसा होता, दोन भाषांतली पाटी होती. बाकी चारी बाजूंना दलदल. डव्ही नदी जिथं समुद्राला मिळायला निघते तिथली खारट, सपाट, हिरवी-करडी जमीन. पलीकडं डोंगर. एक पायवाट रुळांच्या कडेनं अर्धा मैलभर जाऊन कुठंतरी डांबरी रस्त्याला लागत होती. माणूस एकही नाही.

ती १९ सप्टेंबर २००१ ची संध्याकाळ. मी माण तालुक्यातला. घरातनं १६ तारखेला निघालो होतो, कारण १७ ला अमावास्या होती आणि १८ पासून धोंड्याचा महिना लागत होता. आई म्हणाली होती, "अमुशाच्या आदी उंबरा वलांड, मग मुंबईत ऱ्हा दोन दिस." न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला आठवडाच झाला होता. विमानतळावर प्रत्येक पिशवी उघडली जात होती. माझ्या पिशवीत सगळ्यात वर घोंगडी होती. ती उलगडून, झटकून, हुंगून बघितली गेली आणि पुन्हा कोंबली गेली.

घोंगडी आबांची होती, माझ्या वडलांची. काळ्या दख्खनी मेंढरांच्या लोकरीची, सणगराकडून विणून घेतलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. पावसाळाभर आबांनी ती डोक्यावर घेऊन मेंढरं राखली होती. मी थंड मुलखात निघालो म्हटल्यावर त्यांनी ती खांद्यावरून काढली आणि माझ्या हातात दिली. धुतली नव्हती. घोंगडी धुवायची नसते, असंच आमच्यात मानतात.

मी फलाटावर बसून राहिलो असतो तर हा लेख लिहायचं कारण पडलं नसतं. पण दलदलीत मला मेंढरं दिसली.

पांढरी, बुटकी, चेहऱ्यावर तांबूस झाक असलेली. वेल्श माउंटन जातीची, हे पुढं कळलं. घरून निघाल्याला चौथा दिवस होता. आयुष्यात एवढे दिवस मी मेंढरांशिवाय फक्त राहुरीच्या वसतिगृहात काढले होते. मी पिशवी उचलली आणि पायवाटेनं चालायला लागलो. लांबवर एक बाई आणि एक काळं-पांढरं कुत्रं ती मेंढरं गोळा करत होती. बाई शिट्टी घालायची, कुत्रं पोटावर सरपटल्यासारखं जायचं आणि मेंढरांचा गोल आवळत आणायचं. आबांनी हे बघायला पाहिजे होतं, असं मला वाटलं. बाई घाईत होती. का, ते मला समजेना. अंधार पडायला अजून अवकाश होता.

कारण नंतर समजलं. अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस आणि त्यातही दिवसरात्र सारखी होण्याचे दिवस, म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी भरती. त्या रात्री नऊ-साडेनऊपर्यंत ती सगळी हिरवळ पाण्याखाली जाणार होती. खारट गवतावर मेंढरं चांगली पोसतात, पण अशा उधाणाच्या आधी ती वर काढावीच लागतात.

सात-आठ मेंढ्या फुटल्या आणि सरळ माझ्या पायवाटेकडं आल्या. माझ्यामागं रूळ. मी विचार केला नाही. पिशवी टाकली, दोन्ही हात पसरले आणि आबा घालायचे ती हाळी घातली, जिभेच्या टोकानं, घशातून, 'हुर्रर्र'. त्या मेंढ्यांनी असला आवाज जन्मात ऐकला नव्हता. पण हात पसरलेला माणूस कुठल्याही मुलखातल्या मेंढराला कळतो. त्या थबकल्या, वळल्या आणि कुत्र्याच्या ताब्यात गेल्या.

मला वाटलं, बाई आता हात वर करून आभार मानेल. ती ओरडली, "तिथंच थांब! पुढं येऊ नकोस!"

साठीतली असावी. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला रुमाल. वीस पावलांवर उभी राहून तिनं विचारलं, "कुठून आलास?"

"इंडिया."

"कधी?"

"आज सकाळी."

"जनावरांजवळ होतास?"

"माझ्या वडलांची मेंढरं आहेत."

ती दोन पावलं मागं सरकली.

ते मागं सरकणं मला छातीत बसलं. हायस्कुलात असताना पावसाळ्यात घोंगडी पांघरून गेलो की बाकावरची पोरं अशीच सरकायची. वास येतो म्हणायची. मी एवढा समुद्र ओलांडून आलो आणि पहिल्या दिवशी पहिलं माणूस तसंच मागं सरकलं, असं मला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं आणि मी रुळांकडं तोंड केलं.

तिनं ते बघितलं असावं. आवाज खाली आणून ती म्हणाली, "तुझ्यामुळं नाही. फूट अँड माउथमुळं."

लाळ्या-खुरकूत. हा शब्द माझ्या ओळखीचा होता. पण ह्या रोगासाठी माणसाला लांब उभं करतात, हे मी प्रथमच बघत होतो.

आमच्या वाड्यात लाळ्या-खुरकूत यायचं. मेंढरं तोंडातून लाळ गाळायची, लंगडायची, आठवडाभर चारा टाकायची. आम्ही तोंडाला बोरिक पावडर आणि ग्लिसरीन लावायचो, खुरं पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं धुवायचो, बिरोबाला नवस बोलायचो. कोकरं दगावायची, मोठी बहुतेक उठायची. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी २० फेब्रुवारीला पहिली लागण पक्की झाली आणि तिथून पुढं सप्टेंबरअखेरपर्यंत साठ लाखांहून जास्त जनावरं मारली गेली. लागण झालेल्या शेतावरची तर मारलीच, शेजारच्या शेतावरची धडधाकटसुद्धा मारली. चिता पेटवल्या, खड्डे खणले. लस टोचली नाही, कारण लस टोचली की निर्यातीची वाट बंद होते. डोंगरावर जाणाऱ्या पायवाटा महिनोन्‌महिने बंद ठेवल्या होत्या. कुणाच्या बुटाला लागून काय येईल ह्याची भीती प्रत्येक फाटकावर होती.

हे आकडे मला त्या संध्याकाळी माहीत नव्हते. मला फक्त फाटकापाशी अंथरलेलं पेंढ्याचं ओलं, उग्र वासाचं अंथरूण दिसलं आणि शेजारी एक बादली. तिनं मला बूट घालून त्या बादलीत उभं राहायला सांगितलं. लांब दांड्याचा ब्रश माझ्याकडं सरकवला. मी तळवे घासले, कड घासली, नाड्या भिजवल्या, मग हात कोपरापर्यंत धुतले. मुंबईत घेतलेले नवे बूट होते.

मग मेंढरं फाटकातून आत जायला लागली आणि ती मोजायला लागली.

ती स्वतःशीच पुटपुटत होती आणि ते इंग्रजी नव्हतं. मी दहा पावलांवर उभा. सवयीनं मीही मोजत होतो. आबा विसांत मोजायचे. एक विसा झाला की डाव्या मुठीतला खडा उजव्या मुठीत. शंभर-दोनशे मेंढरं असली तरी आबांना वीसच्या पुढं आकडा लागायचा नाही. माझ्याकडं खडे नव्हते, मी बोटं मिटत होतो. बघतो तर तीही एक बोट मिटत होती आणि ते बोट अगदी माझ्या बोटाबरोबर मिटत होतं. "इगेन," ती म्हणाली. मग "डेइगेन". मग "ट्रिगेन". शेवटचं मेंढरू गेलं.

"किती झाली तुझी?" तिनं विचारलं.

माझ्या तोंडून आधी मराठीच आलं, "तीन विसा आणि एक." मग इंग्रजीत सांगितलं, एकसष्ट.

ती माझ्याकडं बघत राहिली. तिचीही एकसष्ट होती. "पहिल्यांदा काय म्हणालास ते पुन्हा सांग," ती म्हणाली. मी विसाचा हिशेब समजावून सांगितला. ती फाटकाला टेकली. इगेन म्हणजे वीस. डेइगेन म्हणजे दोन विसा, चाळीस. ट्रिगेन म्हणजे तीन विसा. ऐंशीला त्यांच्यात पेडवार इगेन म्हणतात, चार विसा. शाळेत आता दहाच्या हिशेबानं शिकवतात, म्हणाली, पण मेंढरं अशीच मोजायची असतात.

आमच्याकडंही शाळेत दहाच्याच हिशेबानं शिकवतात. आबा शाळेत गेले नाहीत म्हणून विसा राहिला.

ॲबरिस्टविथच्या गाडीला अजून तासाभराचा अवकाश होता. तिनं माझं विद्यापीठाचं पत्र मागितलं, हातात न घेता मला धरायला लावून वाचलं. वसतिगृहातली खोली शनिवारपासून माझी होती. त्या दिवशी बुधवार. मी ते पत्र वीसदा वाचलं होतं आणि तारखेकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. "ह्या वेळेला गावात जाऊन कुठं राहशील?" मी काहीच बोललो नाही. खिशातले पैसे महिनाभर पुरवायचे होते. "मागं बस," ती म्हणाली आणि पिकअपच्या मागच्या हौद्यात ताडपत्री टाकली.

शेत डोंगराच्या पोटात होतं. दगडी घर, पाटीच्या दगडाचं छप्पर. तिचा मुलगा बाहेर आला, मला बघितलं आणि त्यांचं बोलणं सुरू झालं. भाषा कळत नव्हती, पण विषय कळत होता. तो मला आत्ताच्या आत्ता शहरात सोडून यायला सांगत होता. तो चुकीचं बोलत नव्हता, हे मी आज लिहून ठेवतो. एक नातू दारात उभा होता, पाच-सहा वर्षांचा, तो सारखा "माम-गी, माम-गी" करत होता. त्या खोऱ्याच्या उत्तरेला आजीला 'नाइन' म्हणतात, दक्षिणेला 'माम-गी'. ती दक्षिणेची, ट्रेगॅरनकडची, लग्न होऊन इकडं आलेली, आणि तिनं नातवाला आपलाच शब्द शिकवला होता. मीही तिला दुसऱ्या कुठल्या नावानं कधी हाक मारली नाही.

तिनं मला ओसरीवजा पडवीतच उभं केलं आणि सरळ विचारलं, "तुझ्या वडलांच्या कळपात हा रोग आहे का?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्या दलदलीपासून माण तालुक्यापर्यंत कोण चौकशी करायला जाणार होतं? पण मेंढरांबाबत मेंढकानं मेंढकाशी खोटं बोलायचं नसतं. लोणंदच्या बाजारात आबा गिऱ्हाइकाला मेंढीचं दुखणं आधी सांगायचे आणि मग किंमत.

मी म्हणालो, "श्रावणात येऊन गेला. आता मेंढरं बरी आहेत."

मुलगा एक शब्द बोलला आणि आत निघून गेला. ती तशीच उभी राहिली. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग तिनं विचारलं, "हे बूट घालून कळपात गेला होतास?" नाही. "हे कपडे?" नाही. "पिशवीत काय आहे?" मी घोंगडी काढली. तिनं लांबूनच ओळखली. लोकर कुठल्याही मेंढीची असो, जिचं आयुष्य लोकरीत गेलं तिला ती सांगावी लागत नाही. आणि ती घोंगडी श्रावणभर त्या लाळ गाळणाऱ्या मेंढरांत होती, हेही मी सांगितलं.

मी पिशवी उचलली. मला वाटलं, आता जायचं.

"ठेव खाली," माम-गी म्हणाली. "रोग तुझ्यात नाही, मळात आहे. मळ धुता येतो."

मग जे झालं ते आमच्या आजीनं सुतकातून आलेल्या माणसाचं केलं असतं तसं होतं, फक्त ह्यात विटाळ नव्हता, शास्त्र होतं. पडवीला लागून न्हाणी होती. अंगावरचा प्रत्येक कपडा उतरवून कढत पाण्याच्या टबात टाकायला सांगितला. डोक्यावरून आंघोळ, नखांना ब्रश, नाक शिंकरायचं, गुळण्या करायच्या. बाहेर स्टुलावर कपडे ठेवलेले होते, जाड सुती सदरा, लोकरी स्वेटर, कॉर्डरॉयची विजार. तिच्या नवऱ्याचे. तो चार वर्षांपूर्वी गेला होता. विजार मला आखूड होती.

घोंगडीसाठी तिनं जस्ताचा मोठा टब मागवला. मुलानंच आणून दिला, न बोलता. लाळ्या-खुरकुताचा विषाणू आंबटात टिकत नाही आणि खारातही टिकत नाही. धुण्याचा सोडा घरात होता आणि तो चालला असता. पण सोड्यानं लोकर मरते, ताठ होते, विरते. म्हणून तिनं त्या वर्षी आणून ठेवलेली सिट्रिक ॲसिडची पिशवी काढली, आपलं लिंबाचं फूल, आणि मोजून पाण्यात घातली. लोकरीला आंबट सोसतं. ज्या वस्तूमुळं तिचं सगळं शेत बुडू शकत होतं ती वस्तू मारायची नाही, फक्त धुवायची, एवढा विचार तिनं त्या घाईत केला. मी पुढं चार वर्षं त्याच विद्यापीठात शिकलो. तिथल्या कुठल्याही प्रयोगशाळेत ह्याहून मोठा धडा मला मिळाला नाही.

रात्री कॉउल होता. मेंढीचं मटण, लीक, बटाटे, गाजर, सगळं एका पातेल्यात तासन्‌तास शिजवलेलं. वर चीजचा तुकडा आणि पाव. तिखटाचा कण नव्हता, पण रस्सा होता आणि ऊन होता. मी दोनदा घेतला. मुलगा समोर बसला होता. खाणं झाल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या मेंढ्यांना वर्षाला किती कोकरं?" तिथून आम्ही बारापर्यंत बोललो. दिवाळीनंतर आमचे वाडे कोकणाकडं उतरतात, शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य देतात, हे ऐकून त्याला नवल वाटलं. त्याची मेंढरं कुठंच जात नाहीत. डोंगराला कुंपण नसतं, तरी प्रत्येक कळप आपापल्या हद्दीत राहतो. ही हद्द आई कोकराला शिकवते, ते कोकरू मोठं होऊन आपल्या कोकराला. त्या हद्दीला ते 'कनेव्हिन' म्हणतात. कळप एकदा मारला की नवीन मेंढरं विकत आणता येतात, पण त्यांना हद्द शिकवणारं कुणी उरत नाही. "पैसे सरकार देतं," तो म्हणाला, "पण हे कुठून आणायचं?"

तेव्हा मला कळलं की त्याच्या आईनं त्या रात्री काय पणाला लावलं होतं. त्या शेतावर रोग निघाला असता तर एकसष्ट मेंढ्या नाही, डोंगरावरचा सगळा कळप गेला असता. तिच्या सासूसासऱ्यांच्या, त्याच्या आज्यापणज्यांच्या हातचा कळप. आणि आजूबाजूच्या शेतांवरचे शेजाऱ्यांचेही. एका अनोळखी पोराला एक रात्र उघड्यावर काढावी लागू नये, एवढ्यासाठी. तिनं धोका नीट मोजला, धुऊन जेवढा कमी करता येईल तेवढा केला, आणि उरलेला पत्करला. तीन दिवस मी घराच्या आत राहायचं आणि गोठ्याकडं फिरकायचं नाही, अशी अट होती. मी ती पाळली.

पहाटे पाचला तिनं मला उठवलं. दिवा लावून ती फोनपाशी बसली होती. रात्री तिनं नकाशाच्या पुस्तकात बघून हिशेब केला होता की आमच्याकडं त्या वेळी साडेनऊ वाजलेले असतील. गावातल्या किराणा दुकानाचा नंबर माझ्याकडं होता. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा लागला. दुकानदारानं पोरगं पळवलं आणि मी फोन न ठेवता तसाच धरून राहिलो, तिच्या पैशांनी, सहा-सात मिनिटं. मला ठेवावासा वाटत होता. तिनं हातानं खूण केली, धर.

आबा आयुष्यात दुसऱ्यांदा फोनवर बोलत होते.

"पोचलास?"

"पोचलो."

"मेंढरं हायती का तितं?"

"लई हायती."

"पानी?"

"लई."

मग ते काही बोलले नाहीत. माणला त्या वर्षी विहिरी कोरड्या होत्या. शेवटी म्हणाले, "मंग बरं हाय," आणि फोन दुकानदाराकडं दिला.

शनिवारी तिनं मला शहरात सोडलं. दहा-बारा मैल. समुद्राच्या कडेला विद्यापीठाची जुनी इमारत आहे, मनोऱ्यांची. रेल्वेच्या भरभराटीत कुणीतरी हॉटेल बांधायला काढलं, त्याचं दिवाळं निघालं आणि वेल्समधल्या लोकांनी ते दहा हजार पौंडांना विकत घेऊन १८७२ मध्ये तिथं कॉलेज सुरू केलं, सव्वीस विद्यार्थ्यांवर. ते चालवायला सरकारनं पैसे दिले नाहीत, तेव्हा चॅपेलांमधून वर्गणी गोळा झाली. शेतकरी, खाणकामगार, गवंडी यांनी पेनी-पेनी दिली. माम-गीनं गाडी थांबवली आणि त्या इमारतीकडं बोट केलं. "माझ्या पणज्याची एक पेनी ह्यात आहे," म्हणाली.

मी तिला कर्मवीर भाऊराव पाटलांबद्दल सांगितलं. मी त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेला. १९१९ मध्ये काले गावात संस्था निघाली. मुष्टिफंड म्हणजे घरोघरच्या बाईनं जात्यावर बसताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचं, त्यावर पोरांचं बोर्डिंग चालायचं. आणि एकदा बोर्डिंगात दाणा नव्हता तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडायला दिलं. मंगळसूत्र म्हणजे काय, हे मला बराच वेळ समजावून सांगावं लागलं. समजल्यावर तिनं स्वतःच्या अंगठीकडं बघितलं आणि गाडी सुरू केली. मी ज्या गवत-संशोधनासाठी आलो होतो ते केंद्रही त्या गावात १९१९ मध्येच सुरू झालेलं, स्टेपल्डन नावाच्या शास्त्रज्ञानं काढलेलं. एका मुठीतल्या जोंधळ्यावर मी तिथपर्यंत पोचलो होतो.

जानेवारी २००२ मध्ये देश रोगमुक्त जाहीर झाला. त्यानंतरच्या रविवारी तिनं मला जेवायला बोलावलं आणि घोंगडी दाखवली. धुतल्यामुळं खळ सगळी निघून गेली होती आणि ती मऊ पडली होती. एका कडेला उसवलं होतं तिथं तिनं आपल्या मेंढरांच्या लोकरीचा पांढरा धागा घातला होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्या गोठ्यात गेलो. चार वर्षांतले चार वेत मी तिथं राबलो, मार्च-एप्रिलच्या रात्री, हात कोपरापर्यंत घालून आडवी कोकरं फिरवली. पैसे द्यायला लागली की मी म्हणायचो, फोनचं बिल फिटू दे. ते तिनं मला कधी दाखवलं नाही.

निघताना मी घोंगडी तिच्या खुर्चीवर ठेवली. आबांना विचारूनच. आबा म्हणाले होते, "तिनं जगावली, तिचीच हाय."

माम-गी २०१४ च्या हिवाळ्यात गेली. मुलाचं पत्र आलं, घोंगडी पेटीत तिच्या अंगावर घालून दिली, असं. आबा त्याच्या आधी दोन वर्षं गेले होते. दोघं एकमेकांना भेटले नाहीत, एकमेकांची भाषा त्यांना आली नसती, पण मेंढरं मोजायला बसले असते तर दोघांची बोटं एकाच वेळी मिटली असती.

परत आल्यावर पहिल्या पावसाळ्याआधी मी आमच्या वाड्यातल्या सगळ्या मेंढरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचून घेतली. आजूबाजूच्या वाड्यांना दोन-तीन वर्षं समजवावं लागलं. लसीनं मेंढरं गाभ टाकतात, अशी समजूत होती. आता ते स्वतःच तारीख विचारतात. फाटकं आमच्याकडं नाहीत. नवीन मेंढरू बाजारातून आणलं की ते पंधरा दिवस वेगळं बांधतो आणि त्याच्याकडून आलेला माणूस पाय धुऊन वाड्यात येतो. आमच्या वाड्यात २००५ पासून एकही वर्ष लस चुकलेली नाही.